न बदललेली ओळ

रात्री साडेअकराला एक माणूस संगणकापुढे बसला आहे. संध्याकाळी मित्राशी वाजलं होतं. आता तो ‘चूक माझीच होती’ असं लिहितो, वाचून पाहतो, खोडतो. मग ‘चूक दोघांचीही होती’ असं लिहितो आणि तेही खोडतो. शेवटी काहीच न पाठवता दिवा मालवून झोपायला जातो. त्याच्या हिशेबी तो एक अक्षरही बोललेला नाही. पण तिकडे मित्राच्या पडद्यावर दोनदा उमटून गेलंय की हा काहीतरी लिहितोय, आणि दोनदा की हा लिहिता लिहिता थांबलाय. त्यातून मित्राने काढायचा तो अर्थ काढला आहे.

मित्राला हे सांगितलं कोणी?

त्या माणसाने नक्कीच नाही. सांगितलं ते एका ओळीने. तो वापरतो त्या ‘पिजिन’ या प्रोग्रामची सेटिंग्जची एक फाईल असते, ‘प्रेफ्स डॉट एक्सएमएल’. तिच्यात ‘सेंड टायपिंग’ नावाची एक ओळ आहे. तिचं मूल्य 1 आहे. एक म्हणजे होय, समोरच्याला कळव. ही ओळ त्या माणसाने लिहिलेली नाही, कधी वाचलेली नाही, ती आहे याचाही त्याला पत्ता नाही. तरी ती रोज त्याच्या नावाने बोलते. मग तिच्या बोलण्याचं कर्तेपण कोणाचं?

प्रश्न संगणकवाल्यांचा वाटेल, पण आपल्याकडचे मीमांसक आणि वेदान्ती याच्याच भाऊबंदातल्या प्रश्नांवर शतकानुशतकं भांडले आहेत. त्यांची अडचण एवढीच होती की कर्माचं खातं उघडून दाखवता येत नव्हतं. त्या न दिसणाऱ्या शिलकेला त्यांनी ‘अदृष्ट’ असंच नाव देऊन टाकलं. इथे खातं चक्क साध्या मजकुराच्या फाईलमध्ये आहे आणि नोटपॅडमध्येही उघडतं.

पिजिनची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. 1998 साली मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने एओएलच्या मेसेंजरवर बोलता यावं म्हणून लिनक्ससाठी एक प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव ‘गेम’. खेळातला नव्हे, इंग्रजी आद्याक्षरं जोडून केलेला. पुढे याहू, एमएसएन, आयसीक्यू, जॅबर अशी सगळी खाती तो एकाच खिडकीत दाखवू लागला. एओएलने नावावर हरकत घेतली, वाद रेंगाळला, आणि 2007 मध्ये ‘गेम’चा ‘पिजिन’ झाला. नाव बदललं तेव्हा जुन्या फोल्डरमधली सेटिंग्ज ‘डॉट पर्पल’ या नव्या फोल्डरमध्ये आपोआप आली. देह बदलला, संस्कार मागोमाग आले. कितीतरी लोकांनी तर पिजिन निवडलाही नव्हता. उबुंटू लिनक्सबरोबर तो आयताच मिळायचा, आणि 2009 च्या ऑक्टोबरात उबुंटूने त्याच्या जागी ‘एम्पथी’ नावाचा दुसरा प्रोग्राम द्यायला सुरुवात केली तेव्हा अनेकांनी तोही तसाच मुकाट वापरला.

हे ‘डॉट पर्पल’ फोल्डर लिनक्सवर सहज दिसत नाही. नावाची सुरुवात टिंबाने झाली की फाईल यादीत लपते. तो पडदा बाजूला केला की आत एकेक फाईल सापडते: खात्यांची वेगळी, मित्रांच्या यादीची वेगळी, अमुक माणूस ऑनलाइन आला की मला उठव अशा सूचनांची वेगळी. आणि ही ‘प्रेफ्स’. तिची रचना झाडासारखी आहे. ‘पर्पल’खाली ‘अवे’, ‘अवे’खाली ‘मिन्स बिफोर अवे’, आणि तिथे आकडा 5. म्हणजे पाच मिनिटं संगणकाला हात लागला नाही की पिजिन जगाला कळवून टाकतो की हे गृहस्थ जागेवर नाहीत. गृहस्थ जागेवरच असतात, चहाचा कप हातात धरून समोरच पडद्यावर काहीतरी वाचत असतात. त्यांच्या नावावर एक बारीकसं असत्य जमा झालेलं असतं, इतकंच.

फाईल जरा वेळ न्याहाळली की एक गोष्ट खटकू लागते. वापरणाऱ्याने विचार करून बदललेली ओळ आणि जिला कधी हातही लावला नाही ती ओळ, दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. पिजिन सगळंच लिहून ठेवतो, निवडलेलं आणि न निवडलेलं एकाच शाईत. पाचाचा आकडा त्या माणसाने मुद्दाम ठेवलाय की तो मुळात तसाच होता, हे फाईल वाचून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

‘थंडरबर्ड’ या ईमेलच्या प्रोग्रामची तऱ्हा वेगळी. 2012 पासून त्यातही गप्पांची सोय आहे. त्याची सेटिंग्जची फाईल फक्त मूळ मूल्यापासून ढळलेल्या गोष्टी नोंदवते, आणि सगळ्या सेटिंग्जची जी लांबलचक यादी आतून उघडता येते तिच्यात बदललेल्या ओळी ठळक अक्षरात दिसतात. अर्थात प्रोग्रामने स्वतःच्या सोयीसाठी केलेले बदलही त्यात घुसतात, त्यामुळे हिशेब अगदी चोख नसतो. तरी थंडरबर्डला निदान विचारता येतं की यातलं मी काय केलं. पिजिन फक्त आज काय आहे तेवढंच सांगतो.

आता मूळ प्रश्न. न बदलणं हे कर्म आहे का?

मीमांसकांचं उत्तर कडक होतं. संध्यावंदन, अग्निहोत्र ही नित्यकर्मं. ती केल्याने विशेष काही मिळत नाही, पण न केल्याने दोष लागतो. त्या दोषाला ते ‘प्रत्यवाय’ म्हणत. म्हणजे न करणं हेही फळ देणारं आहे. शंकराचार्यांना हे पटलं नाही. कर्म आणि अकर्म एकमेकांत कसं दडलेलं असतं याची चर्चा गीतेच्या चौथ्या अध्यायात आहे. तिथल्या भाष्यात त्यांनी आक्षेप घेतला की न करणं म्हणजे नुसता अभाव, आणि अभावातून भाव कसा उपजेल? जे नाहीच त्याच्यापासून दोष नावाची वस्तू जन्माला येणं त्यांना तर्काला सोडून वाटलं.

एकविसाव्या शतकात या वादाला आकडे मिळाले. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टाइन या दोन संशोधकांनी 2003 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात युरोपातल्या देशांची अवयवदानाला असलेली संमती मांडून दाखवली. जर्मनीत ती 12 टक्के होती, शेजारच्या ऑस्ट्रियात 99.98 टक्के. भाषा तीच, रीतिरिवाज जवळचे. फरक एवढाच की जर्मनीत दाता व्हायचं असेल तर तसं कळवावं लागत होतं आणि ऑस्ट्रियात व्हायचं नसेल तर कळवावं लागत होतं. दोन्हीकडे बहुतेकांनी काहीच कळवलं नाही. (हे आकडे संमतीचे आहेत, प्रत्यक्ष झालेल्या अवयवदानांचे नव्हेत, तो घोळ या अभ्यासाचा दाखला देताना नेहमी होतो.) काही न करण्याचं फळ असं डोळ्यांसमोर उभं राहिलं की मीमांसक जिंकले असंच कोणीही म्हणेल.

पण आचार्यांचा आक्षेप अजून उभा आहे, आणि तो नेमक्या जागी बोट ठेवतो. ऑस्ट्रियातल्या माणसाच्या गप्प राहण्यातून संमती उपजली नाही. ती उपजली कायदा लिहिणाऱ्याच्या लेखणीतून. मित्राच्या पडद्यावर ‘लिहितोय’ हे उमटलं ते आपल्या माणसाने ओळ बदलली नाही म्हणून नव्हे, तर कुणा प्रोग्रामरने ती लिहिताना ‘होय’ लिहिलं म्हणून. अभावातून काहीच निघालेलं नाही. निघालं ते दुसऱ्याच्या भावातून, आपल्या अभावाने त्याला फक्त वाट दिली.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. आपल्या रात्रीच्या माणसाला ही यादी जशीच्या तशी लागू पडते. संगणक आहे, तो आहे, कळफलक आहे, लिहिणं-खोडणं आहे. आणि दैवाच्या जागी 1 हा आकडा आहे. फक्त या दैवाला लेखक आहे, आणि त्याने लिहिलेलं खोडता येतं. जुन्या दैवाची ही सोय नव्हती.

खोडता येतं म्हणजे कितपत, हा पुढचा प्रश्न. इथे लोकमान्यांकडे जावं लागतं. ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ नावाचं एक आख्खं प्रकरण आहे. ते कुठल्या परिस्थितीत लिहिलं गेलं हे विसरून वाचलं तर त्यातली धार निम्मी होते. 1910-11 चा हिवाळा, मंडालेचा तुरुंग. शाई मिळत नव्हती, पेन्सिल होती. सुटे कागद नव्हते, पानं मोजून दिलेल्या बांधीव वह्या होत्या. काय वाचायचं, कशाने लिहायचं, किती पानांवर लिहायचं, सगळी मूल्यं दुसऱ्याने ठरवून दिलेली. त्या वह्यांत बसून टिळक माणूस कर्माने किती बांधलेला आणि किती मोकळा याचा हिशेब मांडत होते.

संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ही कर्माची तिहेरी विभागणी मराठी घरांत कीर्तनांतून सर्वांना पाठ असते. टिळकांना ती फारशी काटेकोर वाटत नाही. ते ब्रह्मसूत्रांकडे वळतात आणि दोनच भाग धरतात: ज्याचं फळ सुरू झालं ते आरब्ध, ज्याचं अजून सुरू व्हायचं आहे ते अनारब्ध. सुरू झालेलं भोगूनच संपतं. वेदान्तात त्याला सुटलेल्या बाणाचा दाखला देतात. ज्ञान झालं तरी हातून गेलेला बाण परत येत नाही. जे भात्यात आहे तेवढंच थांबवता येतं.

पिजिनची फाईल हाताने बदलून पाहिलेल्या माणसाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. प्रोग्राम चालू असताना फाईल उघडा, 1 चा 0 करा, जतन करा. काहीही होत नाही. कारण पिजिनने सुरू होतानाच सगळी फाईल वाचून आपल्या स्मृतीत घेतलेली असते आणि आता तो त्या स्मृतीप्रमाणे वागतो, कागदाप्रमाणे नाही. आणखी वाईट पुढेच आहे. मधेच कुठलंही सेटिंग हललं, अगदी खिडकीचा आकार बदलला, की काही सेकंदांत पिजिन आपल्या स्मृतीतली सगळी मूल्यं फाईलवर नव्याने लिहून काढतो. तुमचा 0 पुसला जातो. तिथे पुन्हा 1. निश्चय केला होता, तो लिहूनही ठेवला होता, आणि चालू असलेल्या सवयीने त्यावरून बोळा फिरवला. एक जानेवारीला पहाटे उठायचं ठरवणाऱ्यांना हा अनुभव संगणकाशिवायही असतो.

म्हणून जाणकार एकच गोष्ट सांगतात: आधी प्रोग्राम बंद करा. आरब्ध संपू द्या, मग अनारब्धाला हात घाला. टिळकांच्या मांडणीतलं स्वातंत्र्यही असंच आहे, अफाट नाही पण खरं. ते कर्माचा कायदा मोडत नाहीत. त्या कायद्यातच आत्म्याच्या प्रेरणेला जागा आहे एवढं दाखवतात. सगळी फाईल आपल्या हातात नसते. एक ओळ असते.

ती एक ओळ तरी हातात ठेवायची की नाही, यावरून पिजिनच्या घरात 2008 साली मोठं भांडण झालं. त्या वर्षीच्या 2.4 या आवृत्तीत मजकूर लिहायच्या चौकटीचा आकार प्रोग्राम स्वतःच ठरवू लागला. लिहाल तशी ती वाढणार, पुसाल तशी आक्रसणार. याआधी लोक तिची कड उंदराने ओढून हवी तेवढी मोठी करत. ती सोय गेली. लोक चिडले, आमचं आम्हाला परत द्या म्हणाले. नवी वागणूकच बरी आहे, यावर प्रोग्रामर अडून बसले. वाद इतका पेटला की काहींनी पिजिनचीच प्रत घेऊन वेगळी चूल मांडली. तिचं नाव ‘फनपिजिन’, पुढे ‘कॅरियर’. आणि भांडण कशावरून, तर चार बोटं उंचीच्या चौकटीवरून! हसू येतं, पण भाऊबंदकीत बांध केवढा आहे याला कधी महत्त्व असतं?

प्रोग्रामरांच्या बाजूनेही बोलायला हवं. ग्नोम या लिनक्सच्या प्रकल्पातले हॅवक पेनिंग्टन यांनी 2002 मध्ये एका निबंधात मांडलं होतं की प्रत्येक सेटिंगला किंमत असते. एक पर्याय वाढवला की तपासण्या वाढतात, चुका वाढतात, पडदा गजबजतो. शिवाय पुष्कळ पर्याय म्हणजे बनवणाऱ्याने निर्णय घ्यायचं टाळलं आणि ते ओझं वापरणाऱ्याच्या डोक्यावर दिलं. यात तथ्य आहे. शंभर प्रश्न विचारून घरात घेणारा यजमान आदरातिथ्य करत नसतो. पण अर्जुनाला अठरा अध्याय समजावल्यावर कृष्णही शेवटी म्हणतो, की सगळ्याचा नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर. ज्याच्याकडे सर्व अधिकार होता त्याने शेवटची ओळ रिकामी सोडली. पिजिनमध्येही नंतर चौकटीची कमीत कमी उंची किती ओळींची हवी यासाठी एक सेटिंग आलं. त्याचं मूळ मूल्य 2.

फोल्डरमधली दुसरी फाईल, ‘अकाउंट्स डॉट एक्सएमएल’, उघडली की बरेच जण दचकतात. तिथे पासवर्ड सरळ वाचता येतो. ‘पासवर्ड लक्षात ठेव’ या चौकोनात खूण केली असेल तर तो कुठल्याही सांकेतिक वेषाशिवाय, जसा टाइप केला तसा, नागडा लिहिलेला असतो. हा निष्काळजीपणा नव्हे. पिजिनवाल्यांनी विचारपूर्वक घेतलेली ही भूमिका आहे. त्यांचं म्हणणं असं, की पासवर्ड कुलपात ठेवला तर प्रोग्रामला तो वापरण्यासाठी किल्ली लागणार. किल्ली त्याच संगणकावर ठेवली तर चोरालाही ती मिळणारच. मग कुलूप कशाला? ते फक्त मालकाला गाढ झोप लागावी म्हणून. त्यापेक्षा फाईल दुसऱ्या वापरकर्त्यांना वाचता येणार नाही एवढी तजवीज करावी आणि ज्याला भीती वाटते त्याने पासवर्ड जतनच करू नये. एरिक रेमंड यांनी 1997 च्या ‘द कॅथीड्रल अँड द बझार’ या निबंधात ‘फेचमेल’ या आपल्या प्रोग्रामबद्दल हेच सांगितलं आहे. लोक पासवर्ड झाका म्हणून मागे लागले, त्यांनी नकार दिला, कारण त्या झाकण्याने नुसता सुरक्षिततेचा भास झाला असता.

भासाचं कुलूप लावण्याला मराठीत सरळ शब्द आहे, दंभ. त्या अर्थाने पिजिनची फाईल निर्दंभ आहे. याउलट उदाहरण सिग्नलच्या संगणकावरच्या आवृत्तीचं. तिथे निरोपांचा साठा सांकेतिक रूपात बंद असे, पण त्याची किल्ली शेजारच्याच सेटिंग्जच्या फाईलमध्ये उघडी पडलेली असे. 2018 मध्ये ते निदर्शनाला आणून दिलं गेलं. 2024 मध्ये पुन्हा ओरड झाल्यावर ती किल्ली संगणकाच्या स्वतःच्या तिजोरीत हलवायचं काम सुरू झालं. सिग्नलच्या बाजूने एवढं म्हणता येईल, की ज्याच्या संगणकातच चोर शिरला त्याला कुठलाच प्रोग्राम वाचवू शकत नाही. पण मग पिजिनने हेच तर आधी उघडपणे सांगितलं होतं.

तरी पिजिनलाही पूर्ण गुण देता येत नाहीत. हा खुलासा मदतीच्या पानावर आहे. चौकोनात खूण करणारा बोट दाबतो त्या क्षणी त्याला कोणी सांगत नाही की हा पासवर्ड उघडा लिहिला जाईल. आणि सगळा मुद्दा त्या क्षणाचाच आहे. सांगितलं असतं तर खूण करणं ही निवड ठरली असती, त्याची स्वतःची. न सांगितल्यामुळे ते पुन्हा दैव झालं. ओळ आहे हे कळल्यानंतर ती तशीच ठेवणारा आणि ती आहे हेच माहीत नसलेला, दोघांच्या फाईली अक्षरशः सारख्या असतील. पहिला कर्ता आहे. दुसऱ्याच्या कर्मातला मोठा वाटा प्रोग्राम बनवणाऱ्याकडे जातो, आणि तो त्याने नाकारू नये.

एओएलचा मेसेंजर 15 डिसेंबर 2017 ला बंद झाला, याहूचा 17 जुलै 2018 ला. जुन्या संगणकांवरच्या ‘डॉट पर्पल’ फोल्डरांत त्यांची खाती अजूनही असू शकतात, पासवर्डसकट. जिथे ते चालायचे ती दारंच उरली नाहीत. पण तोच पासवर्ड त्या माणसाने पुढे दुसरीकडे कुठे वापरला असेल, तर ते दार उघडं आहे.

तेव्हा कपाटातला जुना लॅपटॉप चालू होत असेल तर एकदा ते फोल्डर उघडाच. खात्यांच्या फाईलमधला मेलेला पासवर्ड काढून टाका. मग ‘प्रेफ्स’मध्ये ‘सेंड टायपिंग’ शोधा आणि तिथे 0 हवा की 1, ते एकदाचं स्वतः ठरवा. त्याआधी मूळ फाईलची एक प्रत काढून ठेवा. आणि पिजिन खरोखर बंद झालाय ना ते बघा: खिडकी मिटली तरी तो पुष्कळदा खाली घड्याळाशेजारी बसून असतो.